नादीनला सांगितलेला रविवार

माझ्या पोटात गोष्ट राहते. हे मी स्वतःची पाठ थोपटायला सांगत नाही, कारण आमच्या गावात हा आजारच समजतात. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, नौदलाच्या तळाला चिकटून आमचं गाव आहे. इथे केशकर्तनालयापासून चर्चपर्यंत प्रत्येकाचं कोणी ना कोणी जहाजावर असतं, आणि जहाज कधी सुटणार, कधी परतणार, हे कोणी कोणाला सांगायचं नाही असा नियम असतो. तो नियम सगळे पाळतात. म्हणजे सांगताना आवाज खाली करतात.

आमचा मुलगा कोल्बी जहाजावर वीजतंत्री आहे. ही त्याची पहिलीच सफर. निघायच्या दिवशी धक्क्यावर एका दिव्याच्या खांबाखाली आम्ही उभे होतो. खांबाला कधीतरी कुठल्यातरी ट्रकने धडक दिलेली असावी. तो कंबरेत किंचित वाकलेला. कोल्बीने आईला मिठी मारली आणि म्हणाला, "आई, मी येईन तेव्हा याच वाकड्या खांबाखाली उभी राहा. मला लांबचं नीट दिसत नाही, गर्दीत शोधायला लावू नकोस."

"उभी राहीन," नादीन, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

झालं. त्यानंतर अख्खा हिवाळा त्या खांबावर गेला. वादळ आलं की नादीनला समुद्रातल्या मुलाइतकीच त्या खांबाची काळजी. "ऑर्विल, तो खांब सरळ तर नाही ना रे करून टाकणार ते?" असं ती जेवता जेवता विचारायची. सरकार इतकं तत्पर असतं तर आमच्या रस्त्यावरचे खड्डे केव्हाच बुजले असते, असं मी तिला समजावायचो.

जहाज परतायच्या सुमारास घरच्या माणसांची एक बैठक भरते. नादीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिला सुटी मिळेना, म्हणून मी गेलो. तिथेच घात झाला. ती गेली असती तर ही गोष्ट घडलीच नसती, आणि घडली असती तरी सांगण्यासारखी झाली नसती.

बैठकीत मिसेस पेटिग्रू बोलल्या. जहाज आणि घरं यांच्यात निरोप पोचवायचं काम त्यांच्याकडे असतं. त्या म्हणाल्या, "तारीख लिहू नका, फोनवर बोलू नका, इंटरनेटवर टाकू नका. शत्रूला कोणी तारीख आणून देत नाही. तो तुकडे गोळा करतो. कोणी केक सांगतं, कोणी रजा मागतं, कोणी पडदे धुतं. तुकडे जोडले की तारीख तयार. ज्याला कळणं गरजेचं आहे, त्यालाच सांगा." मग त्यांनी फळ्यावर 'गुरुवार' लिहिलं, सगळ्यांनी पाहिल्याची खात्री केली आणि पुसून टाकलं.

खोलीत पन्नासेक माणसं होती. त्यांतली बहुतेक डोनट खात होती. मी मात्र पेटलो. माझं उभं आयुष्य विमा कंपनीत भरपाईचे दावे तपासण्यात गेलं आहे. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि तो खरं बोलला तर निराश व्हायचं, हा आमचा धर्म. निवृत्त झाल्यापासून या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. आता देशालाच गरज पडली होती.

घरी आल्या आल्या नादीनने विचारलं, "कधी?"

"योग्य वेळी कळेल."

"म्हणजे या महिन्यात ना?"

मी फक्त पाहिलं. माझं ते पाहणं कंपनीत प्रसिद्ध होतं.

"बरं बाई," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

पहिलं काम म्हणून मी कागद कातरायचं यंत्र आणलं. नौदलाकडून आलेलं एकेक पाकीट त्याच्या तोंडात घातलं. यंत्र इतकं सुरेख चालायचं की नौदलाचे कागद संपल्यावर मी विजेची बिलं घातली, मग एका पुतण्याच्या लग्नाची आमंत्रणपत्रिका घातली. संध्याकाळी कागदाच्या शेवयांनी भरलेली पिशवी घेऊन मी बाहेर निघालो, तर कुंपणापलीकडून लेलँडने हटकलं. लेलँड माझा शेजारी. नौदलात होता. तिथे काय करायचा हे विचारलं की तो क्षितिजाकडे बघतो, त्यामुळे त्याला खूप काही माहीत असावं असा आमचा समज आहे.

"अरे ऑर्विल, ते कचऱ्यात टाकणार तू?" तो म्हणाला. "वेडा की खुळा? लोक तुकडे जुळवतात. जाळ."

मी मांस भाजायच्या शेगडीत ती पिशवी रिकामी केली आणि काडी लावली. चकचकीत कागद जळताना काळा धूर होतो, हे विम्याच्या माणसाला माहीत असायला हवं होतं. पुढच्या गल्लीतल्या कोणीतरी फोन केला आणि घंटा वाजवत अग्निशमन दलाची गाडी आली. मोठी, लाल. तिच्यामागून मुलं, सायकली, दोन कुत्री.

"काय जाळत होतात?" त्यांच्या प्रमुखाने विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

त्याने शेगडीत डोकावलं, काठीने ढवळलं, आणि मागे वळून ओरडला, "काही नाही रे! नौदलाचं घर आहे! पोरगा येतोय वाटतं यांचा!"

जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. नादीन दारात उभी होती. ती आत गेल्यावर तिचे खांदे हलताना मी खिडकीतून पाहिले. हसत होती.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या पाकिटांपैकी एकात धक्क्यावर जायचा पास होता.

तळावरच्या पास खात्यात ही लांब रांग. खिडकीमागे एक शांत बाई बसली होती. "कुठल्या जहाजासाठी?" तिने विचारलं.

मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "ते मला उघड बोलता येणार नाही."

"मग मी कुठला पास देऊ?"

"तुम्ही मला जहाजांची नावं दाखवा. योग्य नावावर मी डोळे मिटेन."

तिने पेन खाली ठेवलं. "तारीख तरी?"

"तारीख तर मुळीच नाही."

"बरं, पास कोणाकोणाचा?"

"माझा आणि बायकोचा."

"त्यांची जन्मतारीख?"

आता नादीनची जन्मतारीख चारचौघांत सांगायची म्हणजे देशाची सुरक्षा नसली तरी माझी होतीच धोक्यात. मी घुटमळलो. मागे उभी असलेली एक लेकुरवाळी बाई कंटाळून म्हणाली, "अहो आजोबा, गुरुवार सांगा की! आम्ही सगळे गुरुवारवालेच आहोत." सगळी रांग हसली. खिडकीतली बाईही हसली आणि दोन पास पुढे सरकवले. आजोबा! मी पास खिशात घातले आणि ताठ मानेने बाहेर आलो. गाडीत बसल्यावर मात्र मला राग आवरेना. गावाला गांभीर्य नव्हतं. इथे फितुरी होती, आणि ती शोधून काढणं हे आता माझ्यावर आलं होतं.

लेलँडने युक्ती सांगितली. "प्रत्येकाला वेगळी तारीख सांग. जी फिरून तुझ्या कानावर येईल, तो माणूस फुटका. आम्ही असंच करायचो."

"कुठे?"

लेलँडने क्षितिजाकडे पाहिलं.

युक्ती अप्रतिम होती. मी केस कापायला गेलो तेव्हा वांडाच्या कानात 'मंगळवार' सोडला. बायकांचे केस करायची गावातली एकमेव चांगली जागा वांडाची. पुरुषांचे ती येता जाता उरकते. पाद्री हकबी यांना 'शुक्रवार' सांगितला. लेलँडलाही वगळलं नाही. त्याला मोठ्या विश्वासाने 'बुधवार' सांगितला, तर तो गहिवरला. "मला सांगितलंस, ऑर्विल. हे मी विसरणार नाही."

आता प्रश्न नादीनचा. तपासणाऱ्याने स्वतःचं घर वगळलं तर तपासाला अर्थ काय? मला तिचा संशय होता असं नाही. पण नादीन बोलकी. दुकानात पावाची लादी घ्यायला गेली तर पाववाल्याच्या मेव्हण्याची शस्त्रक्रिया ऐकून येते. न्याय म्हणजे न्याय. म्हणून एका संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, पडदा ओढला आणि म्हणालो, "पुढच्या आठवड्यात. रविवारी."

तिने दोन्ही हात तोंडावर धरले. मग उठून ओला हात माझ्या गालावर ठेवला. "रविवार," ती म्हणाली, अगदी हळू. "ऑर्विल, मला वाटलं तू मला सांगणारच नाहीस."

"कोणाला बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू?"

त्या वेळी मला काहीतरी टोचलं, नाही असं नाही. पण आदल्या दिवशी सांगून टाकू, हसू दोघं, असा हिशोब मी केला होता. हिशोबात मी कधी चुकत नाही असं माझं मत होतं.

तारखा परत यायला वेळ लागला नाही. लेलँडचा 'बुधवार' त्याच दुपारी मला टायरवाल्याने सांगितला, वर "कोणाला सांगू नका, लेलँडने शपथ घातलीय" असंही म्हणाला. वांडाचा 'मंगळवार' जरा निराळ्या रूपात आला. औषधाच्या दुकानातली मुलगी मला म्हणाली, "काका, बरं वाटतंय ना तुम्हाला? वांडा म्हणत होती, ऑर्विलना मंगळवार वाटतोय." मी तडक वांडाकडे गेलो.

"अहो ऑर्विल, रागावू नका," ती कोणाच्यातरी केसांना चिमटे लावत म्हणाली. "मंगळवारी माझ्या तिन्ही खुर्च्या ओस. बुधवारी मला पाणी प्यायला फुरसत नाही, सगळ्या जहाजावरच्यांच्या बायका न् आया. बुधवारी केस, म्हणजे गुरुवारी जहाज. माझी आई पण असंच सांगायची. बरं, नादीन नाही आली वेळ ठरवायला? आजारी आहे का?"

नादीन आजारी नव्हती. ती घरी आरशासमोर बसून स्वतःच्या केसांना गुंडाळ्या लावून बघत होती. "वांडाकडे गेले तर तिला कळेल ना रे," ती म्हणाली. "तूच म्हणालास, तुकडे जोडतात."

हे ऐकून मी खूश झालो. त्या वेळी मी असल्या गोष्टींनी खूश होत होतो.

आमच्याकडे जहाज येताना चादरी कुंपणाला बांधतात, नाहीतर धक्क्यावर दोघांनी धरून उभं राहतात. जुन्या चादरीवर रंगाने मुलाचं नाव, जहाजाचं नाव, काय काय लिहितात. नादीनने आमच्या पलंगावरची चांगली चादर काढली होती. मी बजावलं, नाव नाही, जहाज नाही, दिवस नाही. मग तिने निळ्या रंगात नुसतं लिहिलं: 'घरी आलास!' आणि खाली एक वाकडा खांब काढला.

"हे कोणासाठी ते कसं कळणार?" मी विचारलं.

"ज्याला कळायचं त्याला कळेल."

मधल्या रविवारी, जहाजाच्या आधीच्या, चर्चमध्ये पाद्री हकबींनी प्रवचन संपवून डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात प्रार्थना केली, "आणि हे प्रभो, येत्या शुक्रवारी घरी येणाऱ्या, ऑर्विल आणि नादीन टिपेट यांच्या मुलाला सुखरूप आण." अर्ध्या चर्चने डोळे उघडून एकमेकांकडे पाहिलं. वांडाने माझ्याकडे दयेने पाहिलं. प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "ऑर्विल, महिला मंडळ शुक्रवारी तुमच्याकडे जेवण आणणार आहे. नको म्हणू नका." फुटका माणूस सापडला होता, पण तो थेट देवाशी बोलत होता, त्याला काय म्हणणार?

नादीनने मात्र बाकावरच माझा हात दाबला होता. घरी येताना ती गाडीत कुजबुजली, "पाद्रीबाबांना कोणीतरी भलतंच सांगितलंय. राहू दे. मी नाही दुरुस्त केलं. बरंच आहे, लोक शुक्रवारच्या मागे लागतील." गाडीत आम्ही दोघंच होतो, तरी ती कुजबुजत होती. चर्चबाहेर दोघी बायका तिच्याशी जहाजाबद्दल बोलायला आल्या, तर तिने कानांवर हात ठेवले आणि हसत हसत पळून आली. त्या कदाचित गुरुवार म्हणाल्या असत्या.

तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की तीन तारखा परत आल्या, रविवार अजून कुठूनच आला नाही. याचा अर्थ तपास अपुरा आहे, असा निष्कर्ष मी काढला. माझ्या अकलेचा तो कळस होता.

सोमवारी नादीनच्या बहिणीचा फोन आला. मॅक्सीन डोंगरात राहते, वेस्ट व्हर्जिनियात, जिथे मोबाइल लागत नाही आणि मॅक्सीनला थांबवता येत नाही. ती पाय घसरून पडली होती, घोट्याला टाके. शाळेला वसंतातली सुटी लागली होतीच.

"जाऊन येते मी," नादीन म्हणाली. "शनिवारी परत. रविवारला चांगला एक दिवस राहतो."

मी तिची बॅग गाडीत ठेवली. आता सांगायचं, असं ठरवूनच मी बाहेर आलो होतो. तेवढ्यात लेलँड कुंपणावर आला. "काय नादीन, आत्ता कुठे? पोरगा येतोय ना बुधवारी?"

नादीनने त्याच्याकडे इतक्या निष्पाप चेहऱ्याने पाहिलं की मी थक्क झालो. "हो का? मला बाई काही माहीत नाही," ती म्हणाली, माझ्याकडे पाहून किंचित डोळा मिचकावला, आणि गेली. लेलँडसमोर काय सांगणार होतो? की तुझाही बुधवार खोटा, आणि हिचाही रविवार?

बुधवारी संध्याकाळी फोन करीन, जहाजं तशीही उशिराच येतात, कधी कधी दोन दोन दिवस, असं मी स्वतःला पटवलं. बुधवारी दुपारी मिसेस पेटिग्रूंचा निरोप आला. जहाज वेळेवर आहे.

मी फोन लावला. मॅक्सीनने उचलला.

"काय रे ऑर्विल, दोन दिवस झाले नाहीत तर बायको आठवली? अंडं उकडता येईना का?" मग तिने नादीनला हाक मारली, पण फोन खाली ठेवल्याचा आवाज काही आला नाही. तिच्याकडे आतल्या खोलीत दुसरा फोन आहे. तिचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता.

"नादीन, तू उद्या सकाळपर्यंत घरी ये."

"का रे? बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"पुन्हा काही जाळलंस?"

"नाही."

"मग काय झालं?"

पुढे दोनच शब्द होते. उद्या येतोय. पण ते म्हटले असते तर तिने विचारलं असतं, "मग रविवार?" आणि मग मॅक्सीनच्या कानावर मला सांगावं लागलं असतं, की रविवार मी तुला फसवायला सांगितला होता. पुढची सगळी नाताळं मॅक्सीनने ती गोष्ट टर्कीबरोबर वाढली असती. तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. फोनवर तारीख बोलायची नाही, असा नियमच आहे, असंही मी स्वतःशी म्हटलं. नियमाच्या आड लपायला जागा पुष्कळ असते.

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."

"वेडा आहेस," ती म्हणाली, प्रेमाने. "उद्या हिला डॉक्टरकडे न्यायचंय. येते शनिवारी."

मला झोप लागली नाही. उजाडता उजाडता पुन्हा फोन लावला आणि नादीन आल्यावर एका दमात सगळं सांगितलं. जहाज आज सकाळीच लागतंय. रविवार खरा नव्हता. मी सगळ्यांना वेगवेगळे दिवस सांगितले होते, तो तुझा होता. आता मॅक्सीन ऐकत होती की नाही, मी लक्षही दिलं नाही.

मी म्हणालो, "नादीन?"

"निघते," ती म्हणाली.

डोंगरातून आमच्याकडे यायला सात तास लागतात. ते तिलाही माहीत होतं, मलाही.

धक्क्यावर बँड होता, बाळं होती, वांडाने केलेले केस होते. सगळं गाव होतं. लेलँडही होता, बुधवारचा दिवस त्याने इथे एकट्याने उभं राहून काढला होता असं मला नंतर कळलं, पण तो नुसता माझ्यापासून लांब उभा राहिला. मी वाकड्या खांबाखाली चादर धरून उभा होतो. दोन माणसांनी धरायची चादर एकट्याने धरली की मध्ये झोळ पडतो. 'घरी' एवढंच वाचता येत होतं.

जहाज आलं. वाफ, भोंगा, रडारड. पांढऱ्या कपड्यांची रांग शिडीवरून उतरू लागली. मी कोल्बीला आधी पाहिलं. त्याने मला पाहिलं नव्हतं. तो डोळे बारीक करून खांब शोधत होता, आणि खांब सापडल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला चादरीमागे लपावंसं वाटलं. तो पळत आला. मिठी मारली. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, डावीकडे बघितलं.

"आई कुठाय?"

"येतेय. रस्त्यात आहे."

"बरी आहे ना?"

"बरी आहे. तिला वाटत होतं तू रविवारी येणार."

"रविवारी? असं कोणी सांगितलं तिला?"

दावे तपासणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारणारा असतो. मी चादरीची घडी घालायला लागलो. कोल्बीने दुसरं टोक धरलं, आणि घडी घालता घालता त्यावरचा निळा वाकडा खांब त्याला दिसला. त्याने घडी तिथेच थांबवली. थांबूया का आपण, म्हणाला. आम्ही थांबलो. बँडवाले वाद्यं गाडीत भरून गेले, केक संपला, पोरं पेंगुळली आणि शेवटी पहारेकऱ्याने येऊन धक्का रिकामा करायला सांगितला. कोल्बीने त्याला विनवलं, "माझी आई येतेय हो." पहारेकरी भला माणूस होता. पण नियम होता, आणि नियमांबद्दल बोलायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

नादीन पोचली तेव्हा कोल्बी घरी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला होता, कपडे न बदलता. रात्रभर जागा होता बिचारा. दारात त्याचे काळे बूट होते. तिने आधी ते बूट पाहिले आणि ती तिथेच उंबऱ्यावर थांबली. केस तिने मॅक्सीनकडेच गुंडाळ्या लावून रविवारसाठी बांधून ठेवले होते. मोटारीतल्या वाऱ्याने एक बाजू सुटली होती. ती आत गेली, त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि त्याला उठवलं नाही.

मी स्वयंपाकघरात उभा होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी केली होती, उत्तरंही जुळवली होती. बऱ्याच वेळाने ती पाणी प्यायला आत आली.

"खांब तसाच आहे?" तिने विचारलं.

"तसाच आहे."

तिने पेला भरला, प्यायला नाही.

"मॅक्सीन सारखी विचारत होती, कधी येतोय, कधी येतोय," ती म्हणाली. "सख्खी बहीण, पायाला टाके पडलेली. मी तिलाही नाही सांगितलं, ऑर्विल. मी रविवार कोणालाच नाही सांगितला."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. गावभर फिरून सगळ्या तारखा माझ्याकडे परत आल्या होत्या. तिचीच तेवढी आली नव्हती.

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे महिला मंडळ जेवण घेऊन आलं. आम्ही तिघंही जेवलो.